फुलराणीच्या लग्नाला न बोलावलेले वऱ्हाडी

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातील मराठी शाळांच्या एका निबंध स्पर्धेचे परीक्षण माझ्याकडे आले. विषय होता 'जैवविविधता आणि परागवाहक कीटक'. 'माझा आवडता नेता' आणि 'पावसाळ्यातील एक दिवस' वाचून शिणलेल्या माझ्यासारख्या हेडमास्तराला हा विषय पाहून बरे वाटले. चहा घेऊन मी गठ्ठा सोडला. बेचाळीस निबंध होते. पाचव्या-सहाव्या निबंधापाशी आल्यावर मला अशी शंका येऊ लागली की मी एकच निबंध वेगवेगळ्या अक्षरांत वाचतो आहे. फुलपाखरू रंगीबेरंगी होते, मधमाशी उद्योगी होती, ती आपल्याला मध देत होती, एकीचे महत्त्व शिकवत होती. आणि शेवटच्या परिच्छेदात न चुकता आइन्स्टाईन येऊन सांगत होते की मधमाशा संपल्या की माणूस चार वर्षांत संपेल. आइन्स्टाईन असे काही बोलल्याचा वा त्यांनी तसे लिहिल्याचा पुरावा कोठेही सापडलेला नाही, ही गोष्ट तूर्त बाजूला ठेवू. मला खटकले ते वेगळेच. ही मुले ज्या गावांतून येतात त्यांच्या एका बाजूला खानापूरचे जंगल आहे, दुसऱ्या बाजूला भाताची, रताळ्याची, मिरचीची शिवारे आहेत. तरीही बेचाळीस निबंधांत मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली माशी एकही नव्हती.

दोष मुलांचा नव्हे. मुले आम्ही दिलेल्या भाषेत लिहितात. तेव्हा गुण देऊन झाल्यावर मनात आले की परीक्षण खरे तर या भाषेचे व्हायला हवे. मराठी कवितेने, संतवाङ्मयाने आणि शाळेतल्या निबंधाने कीटकाकडे कसे पाहिले, कोठे पाहिले आणि कोठे डोळे मिटले, याचा हा छोटासा धांडोळा आहे. मी विज्ञानाचा शिक्षक नाही. मराठी घेऊन एम. ए. झालेला माणूस आहे, आणि माझी तक्रार प्रामुख्याने माझ्याच विषयाविरुद्ध आहे.

सुरुवात बालकवींपासून करू, कारण फुले म्हटली की मराठी माणसाला आधी 'फुलराणी' आठवते. त्र्यंबक बापूजी ठोमरे पुरती अठ्ठावीस वर्षेही जगले नाहीत (१८९०–१९१८), आणि तेवढ्यात मराठीला एक नवी सृष्टी देऊन गेले. 'फुलराणी'चे लग्न आपण सर्वांनी पाठ केलेले आहे. नवरदेव सूर्यकिरण आहे, अंतरपाट दवाचा आहे, चंडोल बोलणी करायला गेला आहे, वारा सनई वाजवतो आहे, भारद्वाज नाचतो आहे. अशा थाटाचे लग्न मराठीत दुसरे नाही. पण वऱ्हाडी मंडळींची यादी एकदा शांतपणे तपासून पाहा. पक्षी आहेत, वारा आहे, झरे आहेत. भुंगा नाही आणि मधमाशीही नाही. फुलाच्या लग्नात ज्याचा खरा मान, ज्याच्यावाचून बहुतेक फुलांचे लग्न लागतच नाही, त्यालाच निमंत्रण नाही.

यावर कोणी म्हणेल, 'गुरुजी, कवितेला वनस्पतिशास्त्राचा पेपर द्यायला लावता काय?' मुळीच नाही. बालकवींना कुमारीच्या मनातली पहिली चलबिचल रंगवायची होती आणि ती त्यांनी अजोड रंगवली. तेथे माशी आणली असती तर कदाचित कविता बिघडली असती. माझा आक्षेप कवितेवर नसून शिकवण्यावर आहे. वर्षानुवर्षे आम्ही वर्गात फुलराणीचा नवरदेव कोण एवढेच विचारले आणि मुलांनी 'रविकर' असे लिहून गुण मिळवले. 'खऱ्या फुलाकडे कोण येतो?' हा पुढचा प्रश्न विचारून वर्ग पाच मिनिटे मैदानाच्या कडेला नेला असता, तर कवितेचे काहीच नुकसान झाले नसते.

आता मागे जाऊ. अर्वाचीन कवितेने कीटकाला दागिना केले असे मी म्हणतो, तेव्हा प्राचीन मराठीने तसे केले नाही, हेही सांगायला हवे. ज्ञानेश्वरीच्या (१२९०) पहिल्या अध्यायात अर्जुनाचे मन स्नेहाने विरघळते, त्या जागी एक दृष्टान्त आहे: कसलेही कोरडे लाकूड पोखरणारा भ्रमर कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो. प्रवचनकार या दृष्टान्ताचा उत्तरार्ध रंगवून सांगतात. मला पूर्वार्ध अधिक मोलाचा वाटतो. कोरडे लाकूड पोखरणारा भुंगा म्हणजे कोणता? आपल्या घराच्या वाशात, गोठ्याच्या मेढीत, वाळक्या बांबूत गोल भोक पाडून राहणारा तो काळा, निळसर पंखांचा, मोठा आवाज करणारा भुंगा. ही माशांचीच एक जात आहे. ज्ञानदेवांनी तो पाहिला होता. तो फुलावर येतो आणि लाकूडही कोरतो, या दोन गोष्टी एकाच जिवाच्या आहेत हे त्यांना ठाऊक होते. सातशे वर्षांनंतरच्या आमच्या बेचाळीस निबंधांत एवढेही निरीक्षण नव्हते.

गंमत पुढेच आहे. संस्कृत-मराठी काव्याने या भुंग्याला फुलाफुलांवर भटकणारा चंचल पुरुष ठरवले, आणि 'भ्रमरवृत्ती' हा शब्द आपण बाहेरख्याली माणसासाठी राखून ठेवला. प्रत्यक्षात लाकूड कोरण्याचे काम मादी करते. आत ती खोल्या पाडते, प्रत्येक खोलीत पराग आणि मधुरस यांचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडे घालते आणि भुश्शाची भिंत घालून खोली बंद करते. म्हणजे कवींनी ज्याला छंदीफंदी म्हणून हिणवले, ती फुलावरची स्वारी पुष्कळदा पोराबाळांच्या शिध्यासाठी निघालेली आई असते. एवढे समजल्यावर मुलाला अलंकारही कळतो आणि अलंकाराची मर्यादाही कळते. समीक्षा याहून वेगळे काय करते?

कळीत अडकण्याचेही तसेच. कमळात कोंडल्या गेलेल्या भुंग्याचे संस्कृत सुभाषित जुन्या लोकांना आठवत असेल. ती निव्वळ कविकल्पना नव्हे. कमळ रात्री मिटते आणि आलेला कीटक आत राहतो, हे खरे आहे. इतकेच नव्हे, तर कमळाचे फूल आत स्वतःची ऊब निर्माण करते. बाहेर गारठा असला तरी फुलातील तापमान साधारण ३० ते ३६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान टिकते, असे ऑस्ट्रेलियातील ॲडलेडच्या संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवून दिले. मुक्कामी राहिलेला कीटक उबेत रात्र काढतो आणि फूल उमलले की पराग अंगावर घेऊन निघतो. कवीने ज्याला कैद म्हटले तो खरा पाहुणचार होता. पण घटना कवीने अचूक टिपली होती.

दुसरे उदाहरण एकनाथी भागवताचे. एकादश स्कंधावरील ही टीका नाथांनी १५७३ साली काशीत पूर्ण केली. तीत अवधूताच्या चोवीस गुरूंचे आख्यान आहे. त्या चोविसांत पतंग आहे, मधमाशी आहे, माशीने साठवलेला मध नेणारा मधुहा आहे आणि अळीला घरट्यात कोंडणारी भृंगीही आहे. चोवीसांपैकी इतके गुरू किड्यांच्या जगातून निवडणारी परंपरा आपली आहे, हे वर्गात सांगताना मला अभिमान वाटतो. मात्र पुढचा अर्धा भागही सांगितला पाहिजे. कीटक-भृंगी न्यायाप्रमाणे कोंडलेली अळी भीतीने भृंगीचे ध्यान करते आणि शेवटी भृंगीच होते. आपली कुंभारीण, म्हणजे खिडकीच्या कोपऱ्यात मातीची मडकी घालणारी ती माशी, अळीला डंख मारून बधिर करते, आत नेते, अंडे घालते आणि तोंड लिंपते. अंड्यातून निघालेली तिची पिल्ले त्या अळीवर पोसतात आणि काही दिवसांनी नवी कुंभारीण बाहेर पडते. पाहणारा चुकला नव्हता. आत अळी गेली आणि बाहेर माशी आली, हे त्याने बरोबर पाहिले. चुकला तो मधल्या अंधाराचा अर्थ. विज्ञान शिकवण्याला याहून चांगला धडा मला माहीत नाही, आणि त्यासाठी संतांची टिंगल करावी लागत नाही. फक्त माशी उडून गेल्यावर रिकामे मडके मुलाच्या हातात द्यावे लागते.

तिसरे उदाहरण मला सर्वांत अधिक बोचते. बालकवींच्याच 'औदुंबर' या आठ ओळींच्या कवितेवर मराठी समीक्षेने किती पाने लिहिली असतील याची गणती नाही. पाण्यात पाय सोडून बसलेला तो कोण, उदास की तटस्थ, योगी की मरण, यावर आमच्या एम. ए.च्या वर्गात आम्ही हमरीतुमरीवर आलो होतो. पण उंबराचे फळ फोडून त्यात काय आहे हे कोणी पाहिले नाही. उलट घरोघरी 'उंबराचं फूल झालास की रे!' असे म्हणून, उंबराला फूल दिसत नाही हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पक्के केले. उंबराची फुले ज्याला आपण फळ म्हणतो त्याच्या आतच असतात, शेकडोंनी. तोंडाच्या बारीक छिद्रातून एक चिमुकली गांधीलमाशी आत शिरते, शिरताना बहुधा पंखही गमावते, पराग पोचवते, अंडी घालते आणि आतच मरते. तिच्या लेकी पराग घेऊन दुसऱ्या झाडाकडे निघतात. वड, पिंपळ, उंबर यांच्या सोयरिकीच्या माशा साधारणपणे वेगवेगळ्या ठरलेल्या आहेत. अमरकोशाने उंबराला 'जंतुफल' असे नाव दिले आहे. कोशकाराने फळ फोडून पाहिले होते असा याचा अर्थ. आम्ही कोश पाठ केला आणि उंबर खाताना आत किडे आहेत म्हणून तोंड वाकडे केले.

आता निबंधातल्या मधमाशीकडे वळू. 'एकी', 'शिस्त', 'उद्योग' हे तिचे तीन गुण प्रत्येक निबंधात आहेत. ही शिकवण वाईट नाही. अडचण एवढीच की ती फार थोड्या माशांना लागू पडते. जगात माशांच्या सुमारे वीस हजार जाती नोंदल्या गेल्या आहेत, भारतात सातशेहून अधिक. त्यांतील बहुसंख्य एकट्या राहतात. कोणी जमिनीत बीळ करते, कोणी पोकळ काडीत राहते, कोणी पानाचे गोल तुकडे कापून घर शिवते. त्यांना राणी नाही, पोळे नाही, मध नाही. माणसाला देण्यासारखे काही नसल्याने निबंधातही जागा नाही. पण वांग्याच्या फुलाकडे पाहा. त्याचे पुंकेसर म्हणजे वर बारीक भोक असलेल्या मिठाच्या डब्या. हलवल्याशिवाय पराग पडत नाही. मध गोळा करणाऱ्या आपल्या पोळ्यातल्या माशीला ही युक्ती साधत नाही. काळा भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची छोटी माशी फुलाला घट्ट धरते आणि पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवते. आवाज एकदम चढतो आणि पराग पिठासारखा झडतो. टोमॅटोचेही असेच. कवींनी ज्याला गुंजारव म्हणून कानाला गोड मानले, तो शेतकऱ्याच्या दृष्टीने कामाचा आवाज आहे. सकाळी वांग्याच्या वाफ्यापाशी पाच मिनिटे उभे राहिले की दोन्ही आवाजांतला फरक मुलाला स्वतःच्या कानांनी कळतो.

येथवर इतरांचे परीक्षण झाले. आता माझे.

१९९९ साली मी खानापूर तालुक्यातील एका शाळेत नववीला मराठी शिकवत होतो. जांबोटीकडच्या एका वाडीतला मुलगा वर्गात होता. बोलायला लाजरा, शुद्धलेखनात कच्चा. 'मधमाशी' या विषयावर त्याने दीड पान निबंध लिहिला. त्यात 'मधमाशी' हा शब्द बहुधा एकदाच होता. बाकी सगळी नावे होती. आग्या कड्यावर बसते, सातेरी ढोलीत आणि वारुळात शिरते, फुलोरी झुडपाच्या काडीला एकच पोळे लावते, पोयाची माशी भिंतीच्या फटीत मेणाची नळी काढते आणि चावत नाही, तिचा मध आंबट असतो. आजा कोणत्या महिन्यात कोठे जातो, पोळे किती कापतो आणि किती ठेवतो, हेही होते. मध्येच 'हेज्जेन', 'कोलजेन', 'तुडवेजेन' असे कन्नड शब्द आले होते, कारण वाडीत दोन्ही भाषा चालतात.

मी काय केले? लाल शाईने 'पोयाची' खोडले आणि वर 'मधमाशी' लिहिले. 'फुलोरी' खोडले, 'मधमाशी' लिहिले. कन्नड शब्दांखाली दोन-दोन रेघा ओढल्या आणि समासात शेरा मारला, 'मराठी निबंधात परभाषेतील शब्द नकोत'. सीमाभागात मराठीचा शिक्षक असण्याची एक जाज्वल्य जाणीव तेव्हा माझ्यात होती. आजही आहे आणि तिची मला लाज वाटत नाही. पण त्या दिवशी मी भाषेचे रक्षण केले नाही. चार माशांची एक माशी केली. मुलाला वीसपैकी आठ गुण दिले. 'उद्योगी मधमाशी' लिहिणाऱ्याला पंधरा दिले होते.

दोन वर्षांपूर्वी तो मुलगा, आता चाळिशीकडे झुकलेला, मुलीच्या दाखल्यासाठी माझ्या कार्यालयात आला. गोव्यात वायरमनचे काम करतो. मी त्याला ओळखले, बसवले, चहा मागवला आणि त्या निबंधाविषयी विचारले. त्याला निबंध आठवत नव्हता. मी नावे विचारली. आग्या आठवली, सातेरी आठवली. पुढे तो अडखळला, हसला आणि म्हणाला, "आजा गेला तेव्हाच गेलं ते सर. आता आम्ही पण मधमाशीच म्हणतो." माझ्या शेऱ्याने हे झाले असा दावा मी करणार नाही. एका शेऱ्यात एवढी ताकद नसते. पण त्याच्या तोंडचे शब्द शाळेत आले होते आणि शाळेने ते परत पाठवले होते, एवढे खरे.

नावे गेली म्हणून काय बिघडते, असे कोणी विचारील. बिघडते ते असे. १९९१–९२ च्या सुमारास दक्षिण भारतात सातेरीच्या पिल्लांवर विषाणूची साथ आली आणि वसाहतींचा फार मोठा भाग नष्ट झाला. १९६० च्या दशकात उत्तरेत रुजवलेली युरोपीय माशी तोवर पेट्यांतून पसरू लागली होती. ज्याच्या भाषेत नुसती 'मधमाशी' आहे त्याला यात काही घडल्याचे कळणारच नाही. पेटीत माशी आहे, बाटलीत मध आहे. ज्याच्या भाषेत सातेरी आहे, त्यालाच सातेरी गेल्याचे कळते. जे नाव घेऊन ओळखले नाही त्याच्या जाण्याचे सुतक कोणी पाळत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी समित्या करून लोकांकडील माहितीची नोंदवही ठेवायला सांगितले आहे. ही वही कोणाच्या शब्दांत लिहायची, हा प्रश्न भाषाशिक्षकाचाही आहे.

आता शाळेत आम्ही थोडे वेगळे करून पाहतो आहोत. जागतिक मधमाशी दिन २० मेला येतो, तेव्हा शाळेला सुट्टी असते. म्हणून आम्ही तो पाळत नाही. त्याऐवजी श्रावणापासून शिमग्यापर्यंत एक वही फिरते. मुलाने पाहिलेला कीटक, फूल, वेळ, आणि घरी त्याला काय म्हणतात ते, मराठी, कन्नड, कोकणी, जे असेल ते, लिहायचे. खोडायचे नाही हा माझ्यासाठी नियम. आवाराचा एक कोपरा फरशी न घालता मोकळ्या मातीचा ठेवला आहे, कारण बिळात राहणाऱ्या माशांना फरशीत घर करता येत नाही. शेवगा, कढीलिंब, तुळस लावली. गेल्या दिवाळीच्या आधी पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ बसले. पालक घाबरले, आणि त्यांची भीती खोटी नव्हती. आग्या उठली तर माणूस दगावू शकतो. जाळून टाका असाच बहुतेकांचा आग्रह होता. आम्ही ती बाजू दोर लावून बंद केली, खेळाचा तास दुसरीकडे नेला, त्या दिशेला फटाका आणि दगड बंद केला. पावसाआधी मोहोळ आपण होऊन गेले. एका पालकाने मात्र मुलाचे नाव काढून नेले. ते चुकले असे मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

वहीत आतापर्यंत बरीच चुकीची नावे आहेत, काही एकाच माशीला तीन, काही तीन माशांना एक. 'सातेरी देवी आणि सातेरी माशी एकच का?' असे एका मुलीने समासात विचारले आहे. वारुळाच्या रूपात पुजली जाणारी ती देवी आमच्याकडे आणि गोव्यात घरची आहे, आणि माशीही वारुळात राहते. उत्तर मला येत नाही. तिच्या प्रश्नाखाली मी काहीच लिहिलेले नाही, लाल शाईने तर नाहीच.

राहिला तो बेचाळीस निबंधांचा निकाल. पहिला क्रमांक नियमाप्रमाणे सर्वांत शुद्ध निबंधाला गेला. पण एका वहीत आइन्स्टाईनच्या आधी अर्धे वाक्य होते: आमच्या परड्यातल्या दोडक्याच्या फुलावर संध्याकाळी एक बारकी माशी येते, तिला आई काहीतरी म्हणते. काय म्हणते ते लिहिले नव्हते. परीक्षेत चालेल की नाही याची शंका आली असावी. त्या मुलाच्या शाळेला मी पत्र टाकले आहे. आईला विचारून कळवा, म्हणून.